शाळा उघडण्यापूर्वीं



मृग नक्षत्र लागण्याचे दिवस आणि आपल्याकडे शाळा उघडण्याचे दिवस जवळजवळ एकच. शेतकरी पेरणीच्या चिंतेंत असतो, त्याच सुमारास गृहस्थ वह्या, पुस्तकें, गणवेश आणि छत्री यांच्या चिंतेंत पडतो. फरक इतकाच कीं, शेतकरी आपली तयारी वैशाखांत करून ठेवतो आणि आपण मात्र शाळेच्या आदल्या रविवारीं बाजार गांठतों. त्या गर्दींत दुकानदार घासाघीस ऐकण्याच्या मनःस्थितींत नसतो, आणि मूल बोट दाखवील तें घेऊन आपण घरीं परततों.

कल्याणजवळच्या मोहन्याचें उदाहरण घ्या. आंबिवली स्टेशनाजवळच्या या वस्तींतील कित्येक संसार नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यावर चालत असत. २००९ सालीं तो बंद पडला आणि ठराविक तारखेला पगार हातीं पडण्याची सोय संपली. ज्या घरांत मिळकत रोजंदारीची, तेथें दोन मुलांचा जूनचा खर्च एकदम अंगावर आला कीं उसनवारी ठरलेलीच. आणि जूनमधलें तें देणें फेडतां फेडतां गणपति येतात, कधीं दिवाळीही येते.

माझें सांगणें एवढेंच कीं, ही खरेदी निकालाच्या दिवशीं सुरू करावी. त्या दिवशीं दप्तर जमिनीवर रितें करावें. अर्ध्या राहिलेल्या वह्यांतलीं कोरीं पानें दाभणानें शिवलीं कीं कच्च्या कामाच्या दोन-तीन वह्या तयार होतात. पुस्तकें रद्दीवाल्याच्या कांट्यावर जाण्याआधीं शेजारींपाजारीं विचारावें. चाळीच्या एका जिन्यावर बहुधा सर्व इयत्तांचीं मुलें असतात. प्रत्येकानें आपलें पुस्तक एक खोली पुढें सरकवलें तरी पुष्कळ भागतें. सरकारी, महापालिकेच्या व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतचीं पाठ्यपुस्तकें विनामूल्य मिळतात, तेव्हां ही देवघेव मुख्यतः नववी-दहावीसाठीं आणि विनाअनुदानित शाळांसाठीं. मात्र पुस्तक बदललें नाहीं ना, हें शाळेंत विचारून घ्यावें. पहिलीचीं पुस्तकें २०२५ सालीं बदललीं. येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०२३ सालीं बालभारतीच्या बऱ्याच पुस्तकांत धड्यांबरोबर लिहिण्यासाठीं पानें घातलीं गेलीं. हेतु चांगला होता, दप्तर हलकें व्हावें हा. परंतु मुलानें त्या पानांवर लिहिलें कीं तें पुस्तक धाकट्याच्या कामाचें राहत नाहीं. २०२५ सालीं ही पद्धत बंद झाली, हें बरें झालें.

वह्यांचा हिशेब किंमतीवर नव्हे, पानांवर करावा. 'दोनशेपानी' म्हणून मागितलेल्या वहीवर पुष्कळदां १७२ हा आंकडा छापलेला असतो. किंमतीला पानांनीं भागलें कीं कोणती वही स्वस्त तें कळतें. जाड वही पानामागें स्वस्त पडते खरी. पण दप्तराचें ओझें मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक असूं नये असा दंडक आहे, आणि आठ विषयांच्या आठ जाड वह्या खांद्यावर टाकल्या तर तो पाळला जाणें कठीण. येथें चार पैसे अधिक देऊन पातळ वह्या घेणें मला पसंत आहे. वह्या, पेन्सिली व खोडरबर यांवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे; वह्यांवर तो पूर्वीं १२ टक्के होता. जुन्या छापील किंमतीचा माल समोर आला तर तसें दुकानदाराला विचारण्यांत संकोच कसला? पांच-सहा घरांनीं मिळून डझनांची यादी केली आणि एकीनेंच मुंबईच्या घाऊक बाजारांत जाऊन ती आणली, तर भाड्याचा खर्चही वांटला जातो. वर्षाचा सगळा सांठा मात्र एकदम करूं नये. उल्हासकांठच्या पावसाळी हवेंत कागद सर्द होतो आणि त्यावर शाई पसरते.

अमुक दुकानांतूनच गणवेश घ्या, अशी चिठ्ठी कांहीं शाळा देतात. अशी सक्ती शाळेला करतां येत नाहीं. राज्य शासनानें २००४ सालींच तसें बजावलें आहे. एकट्या आईनें हें सांगावयास जाणें अवघड असतें, मूल त्याच शाळेंत बसावयाचें असतें! म्हणून दहा पालकांनीं मिळून मुख्याध्यापकांकडे जावें व नियमाचा उल्लेख करून लेखी विचारावें. गणवेश शिवतांना शिंप्याला खालीं चार बोटें दुमड सोडावयास सांगावी. तेवढ्यानें पुढचें वर्ष निभावतें. पावसाळ्यांत कातडी बूट ओले होऊन फुगतात, तेव्हां शाळेची हरकत नसेल तर जूनमध्यें साध्या सँडल घ्याव्या आणि बूट पाऊस ओसरल्यावर. तोंवर पायही थोडा वाढलेला असतो.

मोठ्या भावाचें दप्तर, शेजारणीच्या मुलीचीं पुस्तकें, दुमडीचा गणवेश, हें सारें मूल निमूटपणें घेतें. वर्गांत मात्र त्याची नजर दुसऱ्यांच्या वस्तूंवर जाते. यादींतली एक वस्तु, कंपासपेटी म्हणा किंवा पाण्याची बाटली, त्याची त्याला निवडूं द्यावी. त्यावरचें चित्र आपल्याला आवडलें नाहीं आणि दहा-वीस रुपये अधिक गेले, तरी जाऊं द्यावेत.