जुनी गाडी पेट्रोल का पिते?

आज आपण मोटारसायकलविषयी बोलू. नवी नव्हे, जुनी. दहा-पंधरा वर्षे चाललेली, १०० सीसीची, कार्बोरेटरवाली. दुधाच्या किटल्या तिच्यावरच जातात, खताची गोणीही तिच्यावरच येते.

"गाडी फार पेट्रोल पिते हो," अशी तक्रार घेऊन लोक आमच्याकडे येतात. आम्ही विचारतो, "किती पिते?" उत्तर मिळते, "लई पिते." आता 'लई' म्हणजे किती?

हिशेब मांडू. रोज ४० किलोमीटर, म्हणजे महिन्याचे १२०० झाले. लिटरला ६० किलोमीटर मिळाले, तर २० लिटर लागेल. ४० च मिळाले, तर ३० लिटर. दहा लिटर जादा गेले. लिटरचे १०० रुपये धरले, तरी महिन्याला हजार रुपये वाया! दूध घालून पोट भरणाऱ्या घरात ही रक्कम थोडी नाही.

म्हणून आधी मोजावे. आता तुम्हाला आकडे लिहिता येतात, तेव्हा हे काम तुमचेच. गाडी डबल स्टँडवर लावून टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरा. मीटरचा आकडा वहीत लिहा. २०० किलोमीटर चालवा. मग त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. किती लिटर बसले, ते लिहा. किलोमीटरना लिटरने भागा. जुन्या गाडीचा मीटर पुष्कळदा मेलेलाच असतो. तसे असेल तर रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड कामी येतात.

आकडा हाती आला, की बिनपैशाच्या गोष्टी आधी पाहाव्या. चाकांत हवा किती? कमी हवेचे चाक रस्त्याला चिकटून चालते, इंजिनाला जोर पडतो. मागे माणूस किंवा ओझे असेल, तर मागच्या चाकात जास्त हवा लागते. किती, ते गाडीच्या पुस्तकात असते.

मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मागचे चाक हाताने फिरवा. दोन-चार फेरे मोकळे फिरले पाहिजे. अडखळले, तर ब्रेक धरून राहिला आहे किंवा चेन फार ताणली आहे. ब्रेक दाबून गाडी हाकणे म्हणजे बैलगाडीचे चाक बांधून बैल हाकणे! पुढचे चाकही असेच पाहा. चेन कोरडी असेल, तर तेल द्या.

चोक पाहा. थंडीत सकाळी तो ओढतात आणि तसाच विसरतात. मग दिवसभर गाडी जादा पेट्रोल घेते.

आता हवेचा फिल्टर. चुलीत लाकडे कोंबली आणि वारा अडवला, तर काय होते? धूर होतो, आच लागत नाही. इंजिनाचेही तसेच. फिल्टर धुळीने बुजला, की हवा कमी, पेट्रोल जास्त. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पुरा वाळवून, थोडे इंजिन ऑइल लावून, पिळून बसवावा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. झटकावा, फार मळला तर बदलावा. काही शहाणे फिल्टरच काढून टाकतात. मग धूळ आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. तो खर्च पेट्रोलपेक्षा भारी पडतो, बरं का!

प्लग काढून पाहिला, तर तो बोलतो. टोक विटकरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जादा जात आहे. ओले, तेलकट असेल आणि धूर निळा असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे. तो मिस्त्रीचाच प्रांत. 

कार्बोरेटरखाली, कॉकपाशी ओल दिसते का, तेही पाहा. रात्री पाहायचे झाले तर बॅटरी घ्या. काडी पेटवून पेट्रोलची गळती शोधू नका. त्यात गाडीही जाते आणि हातही.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि पुन्हा मोजावे. सगळे एकदम केले, तर गुण कशाचा आला ते कळत नाही. मिस्त्रीने आल्या आल्या "इंजिन खोलावे लागेल" म्हटले, तर त्याला वही दाखवा. स्क्रू फिरवून पेट्रोल फारच कमी करू नका, असेही सांगा. त्याने इंजिन तापते.

पंपावर माप कमी वाटले, तर ५ लिटरचे माप मागून पेट्रोल मोजून घ्यावे. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. रागावून बोलायचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या हातची नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडे ते उसापासूनही निघते. त्यात पेट्रोलपेक्षा जोर कमी. जुन्या दुचाकीचे ॲव्हरेज त्याने ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला आहे. म्हणजे ६० चे ५८ होतील. पण ६० चे ४० झाले असतील, तर इथेनॉलला बोल लावून भागणार नाही. फिल्टर उघडा.