भिंतीवरची मेजवानी

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मेजवानी म्हटली की ताटात मासळी आलीच. प्राचीन इजिप्तमध्ये मात्र मेजवानी थडग्याच्या भिंतीवरही रंगायची. थीब्जमधल्या नेबामुन या धान्याच्या हिशेबनिसाच्या थडग्यातलं, इ.स.पूर्व १३५०च्या सुमाराचं असं चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नटलेले पाहुणे, दुहेरी पावा वाजवणारी बाई, टाळ्यांचा ठेका, नाचणाऱ्या दोन मुली, मद्याचे रांजण! मृताला परलोकातही सुखाची वाण पडू नये, ही त्यामागची श्रद्धा.

आपल्याकडे अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या छतावर, टोकदार टोपीचा परदेशी पुरुष प्याला घेऊन बसलाय. पण ते थडगं नव्हे. बौद्ध भिक्खूंचा विहार आहे.