चव गेली म्हणता, पण जीभ शाबूत आहे



'डॉक्टर, तोंडाला चवच नाही' असं कुणी म्हटलं, की मी जिभेवर आधी मीठ ठेवतो, मग साखर. बहुतेकांना खारट खारटच लागतं आणि गोड गोडच. म्हणजे जीभ ठीक आहे. हरवलाय तो वास.

घरी करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि बडीशेपेचे चार दाणे चावा. जरासं गोडसर लागेल, एवढंच. आता नाक सोडा. बडीशेप आत्ता कळली ना? घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो, आणि त्यालाच आपण चव म्हणतो. मिरचीचा तिखटपणा तर चवही नव्हे, वासही नव्हे. ती आग, आणि ती पोचवणारी नस वेगळी. म्हणून वास गेलेल्या माणसाला ठेचा झोंबतो, पण त्यातला लसूण सापडत नाही.

वास ओळखणारं अस्तर नाकाच्या अगदी छताशी असतं, आकारानं टपालाच्या तिकिटाएवढं. तिथले तंतू चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून थेट मेंदूकडे जातात. सर्दीत किंवा नाकात मोड वाढल्यावर वास तिथवर पोचतच नाही. डोकं आपटलं तर तंतूच तुटू शकतात. (हेल्मेटचं हेही एक कारण, पोलिसांनी पकडायची वाट बघू नका.) कोविडमध्ये विषाणूनं मुख्यतः या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला केला, त्यामुळे बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला.

ज्यांचा परतला नाही, त्यांच्यासाठी एक साधा व्यायाम आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटानं तो 2009 साली मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद हलकेच घ्यायचे, आणि घेताना तो वास आठवायचा. किमान तीन महिने. अडचण व्यायामाची नाही, चिकाटीची आहे. लोक पंधराव्या दिवशीच 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात. जस्ताच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

तोवर घर सांभाळा. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि नेमकं तेच तुम्हाला कळणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद करा, गळती सांगणारा अलार्म बसवा. आमटी उतू गेली की नाही हे डोळ्यांनी बघा, विटली की नाही हे घरच्यांना विचारा. अळणी लागतं म्हणून वरून मीठ घेऊ नका, रक्तदाब असेल तर मुळीच नको. आंबट, कुरकुरीत, गार-गरम असं ताटात आणा.

एकाच नाकपुडीचा वास गेला, नाकातून रक्त आलं, किंवा डोक्याला मार लागल्यावर वास गेला, तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. जाताना चालू औषधांची चिठ्ठी न्या. काही औषधांनीही चव बिघडते.

एक आजी मध्यंतरी रडत आल्या. वास परतू लागला होता, पण कांद्याच्या फोडणीला जळक्या रबराची घाण यायची. मला उलट बरं वाटलं. तुटलेले तंतू पुन्हा जुळताना असे उलटसुलट वास येतात, कधी काही महिने. त्यांना सांगितलं, फोडणी सध्या सुनेला करू दे, तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा आणि गार दहीभात खा.