इंग्रजी क्रियापदांचे सोबती

इंग्रजी ग्रंथ सहज वाचणारा आणि कचेरीतील लांबलचक टिपणे त्या भाषेत बिनचूक लिहिणारा मराठी गृहस्थ, दोन इंग्रजांच्या साध्या गप्पा ऐकताना मात्र मधूनच बावरतो. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' हे शब्द त्याच्या चांगल्या परिचयाचे असतात. परंतु इंग्रज माणूस घरात बोलताना ते क्वचितच वापरतो. तो 'पुट ऑफ' म्हणतो, 'पुट अप विथ' म्हणतो, 'लुक इन्टु' म्हणतो. यांतला प्रत्येक सुटा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. आणि तरीही अर्थ हाती लागत नाही. मोठे शब्द ओळखीचे आणि लहान शब्द परके, असा हा उलटा प्रकार आहे.

याचे एक कारण आपल्या मराठीच्या घडणीतच आहे. मराठीत 'वर', 'खाली', 'पासून', 'साठी' ही शब्दयोगी अव्यये नामाला मागून चिकटतात. 'टेबलावर', 'झाडाखाली', 'गावापासून' असे आपण बोलतो, आणि ते अव्यय नामाच्या मालकीचे आहे याविषयी मनात कधी शंका येत नाही. शाळेत 'ऑन' म्हणजे वर, 'ऑफ' म्हणजे पासून दूर असे शिकवले जाते, तेव्हा विद्यार्थी तो लहान शब्द पुढे येणाऱ्या नामाशी जोडू पाहतो. 'ही पुट ऑफ द मीटिंग' या वाक्यात 'ऑफ' सभेला जोडला, तर 'सभेपासून दूर ठेवले' असे काहीतरी विचित्र निष्पन्न होते. वस्तुतः येथे 'ऑफ' नामाचा सेवक नव्हे. तो क्रियापदाचा जोडीदार आहे. 'पुट' आणि 'ऑफ' मिळून एकच क्रिया झाली आहे, पुढे ढकलण्याची.

मग हा शब्द केव्हा नामाचा आणि केव्हा क्रियापदाचा, हे ओळखावे कसे? 'ही रॅन अप अ हिल' म्हणजे तो टेकडी धावत चढला. 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्याने उधारी वाढवून ठेवली. कागदावर दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात. परंतु नामाच्या जागी सर्वनाम घातले की भेद उघड होतो. शब्दकोशात शब्द पाहणे या अर्थी 'लुक इट अप' असेच म्हणावे लागते, 'लुक अप इट' चालत नाही. येथे 'अप' क्रियापदाच्या बाजूचा आहे. उलट मुलाला सांभाळणे या अर्थी 'लुक आफ्टर हिम' म्हणतात, 'लुक हिम आफ्टर' कोणी म्हणत नाही. आणि कानाला तर यापेक्षाही सोपी खूण मिळते. 'लुक ॲट इट' म्हणताना 'ॲट' वर कसलाही आघात नसतो, तो जवळजवळ गिळला जातो. 'लुक इट अप' मधला 'अप' मात्र ठसठशीत उच्चारला जातो. पुस्तकावरून इंग्रजी शिकणाऱ्याला हा आघात दिसत नाही, हे त्याचे दुर्दैव.

हा चमत्कार इंग्रजीचा एकटीचा आहे असे मात्र नाही. संस्कृतात 'हृ' या एकाच धातूला उपसर्ग लागून प्रहार, आहार, विहार, संहार आणि परिहार होतात. त्यांत मूळचा 'नेणे' हा अर्थ शोधू जाणाऱ्याची तारांबळ उडते. हे उपसर्ग धातूच्या आधी येतात असे पाणिनीने सांगितले आहे. पण वेदांच्या भाषेत ते धातूच्या नंतरही येतात, आणि मध्ये इतर शब्द असतानाही येतात, हेही त्याने लगेच नोंदवले आहे. म्हणजे 'लुक इट अप' मध्ये जे घडते, त्यासारखे काही वैदिक ऋषींच्या भाषेतही घडत होते. दोन्ही भाषांचे मूळ कूळ एकच, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे फारसे आश्चर्य वाटू नये. पुढे संस्कृतात उपसर्ग धातूला कायमचा जखडला गेला. इंग्रजीत प्रवास उलट दिशेने झाला. प्राचीन इंग्रजीत जोडशब्द आधीच लागत. 'अंडरस्टँड', 'ओव्हरकम', 'विथस्टँड' हे त्या काळचे अवशेष आजही वापरात आहेत. नंतर हे लहान शब्द सुटे होऊन क्रियापदाच्या मागे येऊ लागले. बाराव्या शतकातील पीटरबरोच्या बखरीत 'गिव्ह अप' चे रूप आढळते.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच शब्दांचा शिरकाव झाला. 'सरेंडर' हा त्यांपैकी एक. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून आणखी भर घातली. 'गिव्ह अप' मात्र शेतात, स्वयंपाकघरात आणि बाजारात राहिला. आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरी, न्यायालय आणि महाविद्यालय यांच्या वाटेने. साहजिकच दरबारी शब्द आधी आले आणि घरगुती शब्द दारातच थांबले.

ही अडचण इंग्रजांना ठाऊक नव्हती असे नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परकीयांना सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट म्हणून या जोड्यांचा खास उल्लेख केला आणि त्या काळजीपूर्वक नोंदवल्या. त्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मिळून रूढ झाले ते लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. त्यानंतर पाचच वर्षांनी सी. के. ऑग्डेनने परकीयांसाठी अवघ्या ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' तयार केली. तीत क्रियापदे अठराच होती! बाकीची कामे 'गिव्ह', 'गेट', 'पुट', 'टेक' यांना 'अप', 'आउट', 'ऑफ' जोडून भागवायची होती. शब्दसंख्या घटली खरी; पण शिकणाऱ्याचा भार घटला काय? एक 'सरेंडर' पाठ करणे सोपे, की 'गिव्ह' आणि 'अप' ठाऊक असूनही त्यांच्या संगतीचा अर्थ वेगळा पाठ करणे सोपे? ऑग्डेनने भार कमी केला नाही, लपवला, असेच म्हणावे लागते.

या जोड्यांत काही सूत्र मुळीच नाही, असे समजणेही चुकीचे होईल. 'अप' पुष्कळदा क्रिया पुरती संपल्याचे सांगतो: 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'यूज अप' म्हणजे संपवून टाकणे. मराठीतील 'टाकणे' येथे अगदी हेच काम करते. त्यात कोणी काही फेकत नाही. 'तो भलतेच बोलून बसला' या वाक्यात बोलणारा उभा असला तरी बिघडत नाही. एखाद्या इंग्रजाने या 'बसण्या'चा खुलासा विचारला, तर आपलीही अशीच पंचाईत होईल. तथापि सूत्रावर फार विसंबता येत नाही. दिवा 'ऑफ' गेला म्हणजे विझतो, गजराचे घड्याळ 'ऑफ' गेले म्हणजे खणखणू लागते, आणि दूध 'ऑफ' गेले म्हणजे नासते. घर 'बर्न अप' होवो की 'बर्न डाउन', राख एकच.

भारतीयांनी या बाबतीत थोडी स्वतःची भरही घातली आहे. 'कोप विथ' पुरेसे असताना आपण 'कोप अप विथ' म्हणतो, कारण 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' कानात घुमत असतात. 'विषयी चर्चा' या मराठी वळणाने 'डिस्कस अबाउट' येते. परीक्षक त्यावर लाल रेघ ओढतो. पण ही चूक आळसाची नसून तर्काची आहे, एवढे श्रेय विद्यार्थ्याला द्यायला हवे.

असल्या चुकांनी बहुधा गुण तेवढे जातात. नेहमी तेवढ्यावर निभावत नाही. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे येथील विमानतळावर दाट धुके पसरले होते. एका डच विमानाच्या सहवैमानिकाने नियंत्रकाला बिनतारी यंत्रावरून इंग्रजीत कळवले की आम्ही 'ॲट टेक-ऑफ' आहोत. नियंत्रकाने अर्थ घेतला की विमान उड्डाणाच्या जागी सज्ज उभे आहे. प्रत्यक्षात ते धावपट्टीवरून धावू लागले होते. डच भाषेत चालू क्रिया दाखवताना क्रियापदाआधी असेच एक अव्यय येते. त्या सवयीने हा 'ॲट' आला असावा, असे काही भाषाभ्यासकांचे मत आहे. त्याच क्षणी दोन संदेश एकमेकांवर आदळल्याने पुढचे शब्दही नीट ऐकू गेले नाहीत. धावपट्टीवर दुसरे विमान होते. त्या टकरीत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. कारणे अनेक होती, धुके हे त्यांतले एक. पण त्या दोन शब्दांची नोंद चौकशीत झाली. त्यानंतर नियम करण्यात आला की उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच 'टेक-ऑफ' हा शब्द उच्चारावा. एरवी वैमानिक आणि नियंत्रक आता 'डिपार्चर' म्हणतात. आणि तो शब्द फ्रेंचमधून आलेला आहे.