पाट घरच्यांनाच मांडला आहे



राज्याच्या सीमेपलीकडून आलेल्यांना ‘पाहुणे’ म्हणताना जीभ जरा अडखळते. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे आज पाट मांडला आहे तो घरच्यांनाच.

परिषदेचा विषय मात्र लांबचा. वाग्नरची ‘रिंग’ ही चार संगीतनाटकांची माला 1876 साली बायरॉइटला प्रथम सलग रंगली. टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55 मध्ये आली. जिचा मोह माणसाला गिळतो अशी अंगठी दोन्हीकडे. मोडून पुन्हा घडवलेली तलवारही दोन्हीकडे. टॉल्किनना हे नातं मान्य नव्हतं. पण आइसलँडच्या एड्डा आणि व्होल्सुंग गाथा या विहिरींवर दोघांनीही घागरी भरल्या होत्या.

तशीच एक विहीर आमच्या अंगणात आहे. गुहेतल्या बंदिवासातून गोंडांना सोडवणाऱ्या लिंगोची कथा नागपूरकडे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत भाटाकडून, उतरवून घेतली. ती त्यांच्या पश्चात 1866 मध्ये छापली गेली. पुढे व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ आमच्या मारलवाईत येऊन राहिले. त्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ 1948 चा. तपशील वेगळे, लिंगो तोच.

यातली खरी कथा कोणती? परधानाला विचारा. तो किंगरीवर गज फिरवील आणि आधी यजमानाचं कूळ विचारील : चार देवे, पाच देवे, सहा की सात? ज्याचं जसं कूळ, तशी त्याची कथा. केसलापूरच्या नागोबासाठी मेस्राम कुळातली माणसं आजही पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. बायरॉइटला कथा तिकीट काढून पाहतात. इथं ती चालत जाऊन पाळतात.

एड्डातल्या वीरगीतांचे कवी अनामच राहिले. वाग्नर आणि टॉल्किन सगळ्यांना ठाऊक. आपल्याकडेही हिस्लॉप पाठ आहेत, गाणारा परधान मात्र तळटीपेत. म्हणून स्वागत समितीनं एक ठरवलं आहे. उद्याची सुरुवात किंगरीनं होईल, निबंध त्यानंतर.

राहण्या-जेवण्यात काही उणं पडलं तर सांभाळून घ्या. पंगतीला ज्वारीची भाकरी आहे, आणि पहिलं पान परधानांचं. आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत!