आऊश्वित्झचे पहारेकरी

आऊश्वित्झच्या पहारेकऱ्यांना राक्षस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते संसारी लोक होते. छावणीप्रमुख रुडॉल्फ होस कुंपणालगत पत्नी व पाच मुलांसह राहत असे. १९४४ च्या उन्हाळ्यात हंगेरीतील लाखो ज्यू मारले जात असताना, हिटलरच्या एस. एस. दलाचे हे कर्मचारी विश्रामगृहात अकॉर्डियनच्या साथीने गात होते. कैद्यांचे श्रम आय. जी. फार्बेन ही मक्तेदार कंपनी रोजंदारीने घेत होती. माणसाचा क्रमांक झाला, की क्रौर्य ही नुसती नोकरी उरते.

‘हुकूम होता’ हा त्यांचा बचाव. परंतु निःशस्त्रांच्या हत्येस नकार दिल्याबद्दल कोणास देहदंड झाल्याचे एकही प्रकरण युद्धोत्तर खटल्यांत सिद्ध झाले नाही. १९४७ मध्ये होस फासावर गेला. वंशद्वेषाला मात्र फासावर चढवता येत नाही. त्याच्याशी अखंड लढावेच लागते.