घराण्याची अब्रू, बाईचं रक्त
(चाळीसगाव येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, ड्रॅक्युलाच्या गोष्टीत रक्त पिणारा दूरच्या गढीत राहतो. आपल्याकडे तो शेजारच्या घरातही निघतो. १९७२ ते १९७४ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गुप्तधनाच्या, मुलाच्या हव्यासापायी मुलीबायांचे बळी गेले. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवतात. ती रक्त पिते म्हणतात, सांडतं मात्र तिचंच! अनेकदा डोळा तिच्या जमिनीवर असतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तक्रार कोण करणार? घरातल्या बाईला पुष्कळदा सारं ठाऊक असतं. अब्रूपायी ती गप्प राहते. हे गप्प राहणं हाही बळीच. ती बोलेल त्या दिवशी पोलीस ठाण्यात तिच्यासोबत आपण दहाजणी असू या.